वावरातला व्हिडिओ वाटेत का बदलतो?



वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीच्या एका शेतकऱ्याची ही गोष्ट आहे. सप्टेंबरचा महिना होता. सोयाबीन शेंगांवर आले होते आणि वावराच्या एका कोपऱ्यात चार दिवसांत पाने पिवळी पडू लागली. 2023 च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने विदर्भातल्या सोयाबीनची जी दाणादाण केली, ती आपण कोणीच विसरलेलो नाही. गड्याच्या पोटात गोळा आला. त्याने मोबाइल काढला, धुऱ्यावरून चालता चालता मिनिटभराचा व्हिडिओ घेतला आणि ओळखीच्या एका पीकतज्ज्ञाला व्हॉट्सॲपवर धाडून दिला. तासाभराने उत्तर आले, "पिवळेपणा दिसतो, पण कशाचा ते कळत नाही. चित्र पुसट आहे."

"पुसट? माह्या मोबाइलमंधी तं साफ दिसते ना जी!"

दोघांचेही खरे होते. शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये जो व्हिडिओ होता, तो तज्ज्ञाच्या मोबाइलमध्ये पोहोचलाच नाही. पोहोचली ती त्याची हलकी केलेली नक्कल. हे कसे होते आणि आपण काय करावे, हे या पत्रकात सांगतो. यात पैशाचा प्रश्न आहे. सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो मोझॅक, तो पांढरी माशी पसरवते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. पाणी साचूनही पीक पिवळे पडते. आणि खोड उभे चिरल्यावर आत तांबूस नागमोडी वाट दिसली तर खोडमाशी. चट्टा कोणता आणि शीर कोणती, हा बारीक फरक चित्रात टिकला नाही तर औषध चुकते आणि फवारणीचा खर्च मातीत जातो.

चित्र म्हणजे ठिपक्यांचे वावर

मोबाइलचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. बहुतेक मोबाइल ज्याला 'फुल एचडी' म्हणतात, त्या चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार करून बघा. एका चित्रात 20 लाख 73 हजार 600 ठिपके झाले. व्हिडिओ म्हणजे अशी चित्रे एका सेकंदाला साधारण 30. प्रत्येक ठिपक्याचा रंग जशास तसा लिहून ठेवायचा म्हटले तर एका सेकंदालाच 186 एमबी जागा लागेल आणि एका मिनिटाला 11 जीबीच्या वर. एवढे ठेवणार कुठे आणि पाठवणार कसे?

म्हणून मोबाइल स्वतःच व्हिडिओ घेता घेता तो दाबून बसवतो. आपल्या हाती येणारी मिनिटभराची फाइल 60 ते 130 एमबीची असते. म्हणजे सुमारे शंभरपट किंवा त्याहून जास्त दाबलेली. तरी डोळ्याला ती चांगली दिसते. कारण हे काम फार हुशारीने होते आणि मोबाइलला त्यासाठी पुरेशी जागाही असते.

आता व्हॉट्सॲपचे बघा. आपण गॅलरीतून व्हिडिओ निवडून पाठवला की ते आधी आपल्याच मोबाइलमध्ये त्याला दुसऱ्यांदा दाबते. ठिपके कमी करते, प्रत्येक सेकंदाला मिळणारी जागा कमी करते आणि मग फाइल पुढे ढकलते. बरीच वर्षे अशा व्हिडिओला 16 एमबीची मर्यादा होती. साध्या दर्जाने पाठवलेला व्हिडिओ साधारण 480 ओळींचा होतो. आडवे ठिपके साडेआठशेच्या आसपास उरतात. वीस लाख ठिपक्यांचे चार लाख झाले, पाचातला एक राहिला! यात त्यांचा काही दुष्टावा नाही. गावाकडच्या टॉवरवर व्हिडिओ वर चढवायचा वेग हा खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा कमीच असतो. शंभर एमबीची फाइल चढवायला बसलो तर माणूस कंटाळून मोबाइल खिशात घालेल. लग्नाचा, बैलपोळ्याचा व्हिडिओ थोडा पुसट पोहोचला तरी काही बिघडत नाही. पिकावरच्या किडीचे मात्र तसे नाही.

पांढरी माशी साधारण एक मिलिमीटरची. आपण एक मीटर रुंदीचा भाग दिसेल इतक्या अंतरावरून आडवा मोबाइल धरून व्हिडिओ घेतला, तर मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये एका मिलिमीटरला दोनच ठिपके येतात. म्हणजे माशी दोन ठिपक्यांची. व्हॉट्सॲपने दाबल्यावर तिच्या वाट्याला एक ठिपकाही पुरता येत नाही. ती चित्रातून गेली. समोरच्याने कितीही मोठे करून पाहिले तरी ती परत येणार नाही. हाच मोबाइल जवळ नेऊन एकच पान, दहा सेंटीमीटर रुंदीचे दिसेल असे धरले, तर मूळ फाइलमध्ये माशीला 19 ठिपके मिळतात आणि दाबल्यावरही आठ उरतात. आठ ठिपक्यांत पांढरे पंख ओळखू येतात. तेव्हा पहिली गोष्ट ही, की धुऱ्यावर उभे राहून रोग दाखवता येत नाही. पानाजवळ गेले पाहिजे, आणि पान उलटले पाहिजे, कारण माशी बसते खालच्या बाजूला.

सातबारा आणि फेरफार

ठिपके कमी करणे ही झाली एक युक्ती. दुसरी युक्ती तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडी तलाठीच.) तलाठी रोज सगळा सातबारा नव्याने लिहीत नाही. एकदा पूर्ण लिहितो आणि पुढे जो बदल होईल त्याचा तेवढा फेरफार नोंदवतो. व्हिडिओचेही तसेच. एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हलले, काय बदलले तेवढे लिहायचे. मग काही वेळाने पुन्हा एक पूर्ण चित्र. मोबाइलवर सर्वात जास्त चालणारी जी रीत आहे, एच.264 नावाची, 2003 सालची, ती चित्राचे लहान लहान चौकोन पाडते. 16 ठिपके लांब, 16 ठिपके रुंद. चौकोन जागचा हलला नसेल तर 'मागच्यासारखेच' एवढे लिहून मोकळी होते. 2013 मध्ये आलेली एच.265 ही रीत याहून कमी जागेत काम भागवते, पण तत्त्व तेच.

आता विचार करा. वारा सुटलाय, वावरातले प्रत्येक पान हलतेय, त्यात आपण चालतोय आणि हातही हलतोय. म्हणजे प्रत्येक चौकोनात फेरफार! लिहायला वही मात्र तेवढीच. मग काय होते? घाईघाईत मोघम लिहिले जाते. चौकोनातला बारीक तपशील टाकून दिला जातो आणि त्या जागी एकसारखा हिरवट-पिवळट रंग भरला जातो. नालवाडीच्या त्या व्हिडिओत हेच झाले होते. चट्टे आणि शिरा मिळून एक पिवळा डाग झाला. मोबाइल एका जागी स्थिर धरला असता, पानामागे हाताचा पंजा किंवा साधा कोरा कागद धरला असता, तर तीच जागा पानाच्या कामी आली असती. स्थिर व्हिडिओ पाठवताना कमी बिघडतो याचे कारण एवढेच. यासाठी महागडा मोबाइल लागत नाही.

रंगाचेही एक सांगून ठेवतो. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. याचा फायदा घेऊन व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा लिहितात आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. त्यामुळे पिवळ्या-हिरव्याची बारीक सीमा व्हिडिओत मुळातच थोडी भोंगळ असते. डाग, चट्टे, शिरा दाखवायच्या असतील तर व्हिडिओपेक्षा फोटो बरा. व्हिडिओ हवा तो हालचाल दाखवायला. कपाशीच्या पानाखाली तुडतुडे आहेत की दुसरे काही, अशी शंका असेल तर व्हिडिओ कामाचा, कारण तुडतुड्यांची पिल्ले तिरपी चालतात आणि ती चाल फोटोत दिसत नाही. बोंडअळीसाठी डोमकळी दाखवायची असेल तर पुन्हा फोटोच. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेले फूल जवळून, मग ते उघडून आतली अळी जवळून. दोन फोटोंत काम होते.

गाठ आणि डाळ

काही जण विचारतात, दाबले तर दाबले, समोरच्याला पुन्हा उकलता येत नाही काय? आपण कापसाचे लोक आहोत. याच नालवाडीत विनोबांनी 1930 च्या दशकात सूतकताईचे प्रयोग केले. कापूस दाबला म्हणजे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जिनिंगमध्ये रुईची 170 किलोची गाठ बांधतात. ती कितीही घट्ट दाबली तरी पट्ट्या तोडल्या की रुई मोकळी होते, एक तंतू कमी होत नाही. असे दाबणे कॉम्प्युटरच्या जगातही आहे, कागदपत्रांच्या फाइलींना ते चालते.

पण व्हिडिओ असा गाठीसारखा दाबत नाहीत. त्याचे तुरीसारखे आहे. तूर भरडली, टरफल गेले, चुनी निघाली, हाती डाळ आली. डाळ खायला उत्तम, पण ती पेरून तूर उगवत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ ही डाळ. बघायला ठीक. त्यातून मूळ दाणा कोणी परत काढून देईल हे विसरा. म्हणून मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नये. 'पाठवला ना, मग जागा कशाला अडवायची' म्हणून पुष्कळ जण गॅलरी साफ करतात आणि बियाणेच दळून बसतात.

आता डाळीचे पुन्हा पीठ कसे होते तेही बघा. आलेला व्हिडिओ नुसता फॉरवर्ड केला तर सहसा तीच फाइल पुढे जाते, आणखी बिघडत नाही. पण तो उतरवून घेतला, त्यात नाव टाकले, गाणे जोडले, मागचा-पुढचा भाग कापला आणि दुसऱ्या ॲपवर चढवला की तो पुन्हा एकदा भरडला जातो. ज्यांनी कॅसेटवरून कॅसेट भरून घेतल्या असतील त्यांना आठवेल, तिसऱ्या-चौथ्या कॅसेटला भजनापेक्षा खरखरच जास्त. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओही तिथे नव्याने बांधला जातो. 144 ओळींपासून वरपर्यंत त्याच्या अनेक नकला तयार होतात आणि बघणाऱ्याच्या रेंजप्रमाणे त्याला एखादी दिली जाते. नुकताच चढवलेला व्हिडिओ सुरुवातीला पुसट दिसतो आणि थोड्या वेळाने सुधारतो. तो मोठ्या नकला तयार होईपर्यंतचा काळ असतो. तेव्हा घाबरून लगेच पुसून पुन्हा चढवू नये.

तारीख आणि जागा

चित्राबरोबर आणखी एक गोष्ट वाटेत गळते. मोबाइल व्हिडिओच्या पोटात एक चिठ्ठी ठेवतो. किती तारखेला, किती वाजता घेतला आणि लोकेशन चालू असेल तर कोणत्या जागी घेतला. गॅलरीतून साध्या रीतीने पाठवताना जागेची नोंद काढून टाकली जाते. नावही बदलते. समोरच्याच्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये फाइलला जे नवे नाव पडते, त्यात 'डब्ल्यूए' ही अक्षरे असतात आणि तारीख असते ती पाठवल्याची. गारपीट सोमवारी झाली, व्हिडिओ सोमवारीच घेतला, पण पाठवला गुरुवारी, तर नावात गुरुवार दिसतो. पुढे कोणी विचारले की हे नुकसान केव्हाचे, कोणत्या वावरातले, तर त्या नकलेजवळ उत्तर नसते. मूळ फाइलजवळ असते.

ई-पीक पाहणी ज्यांनी केली त्यांनी हे अनुभवले आहे. 2021 च्या खरिपापासून हे ॲप राज्यभर आले, आणि त्यात पिकाचा फोटो वावरात उभे राहून ॲपमधूनच काढावा लागतो. तो तसा का मागतात, याचे कारण आता ध्यानात येईल. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात, वाटेत गळत नाहीत.

पीक विम्याचे नियम दर काही हंगामांनी बदलतात. 2016 पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत देण्याची अट होती. महाराष्ट्रात 2025 च्या खरिपात योजना बदलली आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर ठरू लागली. आपल्या हंगामाचा नियम काय, ते कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. व्हिडिओ म्हणजे पंचनामा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी ओसरून गेलेले असते, आणि तेव्हा दाखवायला काही हवे असेल तर ती मूळ फाइलच हवी.

मग पाठवावे कसे?

व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या खुणेवर बोट ठेवले की गॅलरी, कॅमेरा, डॉक्युमेंट असे पर्याय येतात. गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडावे आणि त्यातून आपला व्हिडिओ शोधावा. अशा रीतीने गेलेल्या फाइलला व्हॉट्सॲप हात लावत नाही. ती आहे तशी जाते, चिठ्ठीसकट. 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. फोटोचेही तसेच करावे. ऑगस्ट 2023 पासून गॅलरीतून पाठवतानाही 'एचडी' अशी खूण दिसते. ती दाबली तर व्हिडिओ साधारण 720 ओळींचा जातो. साध्यापेक्षा दुप्पट चांगला, पण मूळ नव्हेच. गेल्यावर समोरच्याला विचारा, किती एमबीची फाइल मिळाली. आपल्या मोबाइलमधल्या आकड्याशी जुळले तर माल पोहोचला.

एवढी मोठी फाइल जाणार कशी, ही अडचण खरी आहे. तिला उपाय असा की मिनिटभराचा व्हिडिओ घेऊच नये. पंधरा-वीस सेकंद पुष्कळ झाले. वीस सेकंदांची फाइल वीस ते चाळीस एमबीची होते आणि रेंज बरी असेल तर निघून जाते. घरी वाय-फाय असेल, किंवा वर्ध्याला बाजाराला जाणार असाल, तर तिथून पाठवावी. तोवर लेन्स पुसून घ्या. हे हसण्यावारी नेऊ नका. फवारणीच्या हाताने धरलेल्या मोबाइलची काच धुरकट असते आणि तो पुसटपणा कोणत्याही रीतीने पाठवला तरी जात नाही. कॅमेऱ्यातले चेहरा गोरा करणारे फिल्टर बंद ठेवा, त्यात पानेही गुळगुळीत होतात.

मूळ फाइल पाठवताना एक सावधगिरी बाळगा. तिच्याबरोबर जागेची चिठ्ठीही जाते. तज्ज्ञाला वावराची जागा कळली तर चांगलेच, पण घरच्या लेकराबाळांचा व्हिडिओ अनोळखी गटात अशा रीतीने टाकू नये.

आमच्या त्या गड्याला तज्ज्ञाने हेच सांगितले. तो परत वावरात गेला. एक झाड उपटले, खोड उभे चिरले, कागदावर ठेवून जवळून दोन फोटो काढले, पानाचा वीस सेकंदांचा स्थिर व्हिडिओ घेतला आणि सगळे डॉक्युमेंट करून धाडले. खोडात तांबूस वाट होती. खोडमाशी! मोझॅक समजून पांढऱ्या माशीचे औषध आणायला तो निघालाच होता. शेंगा भरताना खोडाच्या आत बसलेल्या अळीवर वरून फवारून काही हाती लागले नसते. त्याचा बंदोबस्त पुढच्या हंगामात, पेरणीपूर्वी बीजप्रक्रियेने.

एक गोष्ट मात्र वाटेत फारशी बिघडत नाही, ती म्हणजे आवाज. आम्ही रेडिओची माणसे, म्हणून हे जरा आनंदाने सांगतो. आवाजाला चित्राच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढी जागा लागते, त्यामुळे दाबलेल्या व्हिडिओतही बोलणे स्पष्ट ऐकू येते. तेव्हा मुक्याने व्हिडिओ घेऊ नका. घेता घेता बोला. आजची तारीख, गट नंबर, पीक आणि वाण, पेरणी केव्हाची, याआधी काय फवारले, पिवळेपणा कोणत्या दिवसापासून आणि वावराच्या कोणत्या भागात. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलात तरी हेच प्रश्न विचारले जातील. आणि मोबाइलला रेंजच नसेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा मोफत नंबर साध्या फोनवरूनही लागतो. तिथे पान दाखवता येत नाही, बोलूनच सांगावे लागते. म्हणून फोन लावण्याआधी पान हातात घ्या, उलटून बघा, खोड चिरून बघा आणि जे दिसले ते कागदावर लिहून घ्या.